दंतवल्काची निर्मिती आणि एस्ट्रोजेन ग्राही

दंतवल्क म्हणजे दाताच्या दृश्य भागावरील सर्वांत बाहेरचे आवरण; व्यवहारात त्याला इनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशींमध्ये एस्ट्रोजेन या संप्रेरकाचे ग्राही आढळतात. त्यामुळे या संप्रेरकाचा, तसेच त्याची नक्कल करणाऱ्या रसायनांचा, दंतवल्काच्या जडणघडणीवर कोणता परिणाम होतो, हा दंतविज्ञानातील अभ्यासविषय बनला आहे.

एस्ट्रोजेन ग्राही

एस्ट्रोजेन ग्राही ही पेशीतील प्रथिने आहेत. एस्ट्रोजेन त्यांना जोडले गेले, की ती केंद्रकातील डीएनएच्या ठरावीक भागांशी संलग्न होतात आणि विशिष्ट जनुकांचे कार्य वाढवितात किंवा रोखतात. अमेरिकी शास्त्रज्ञ एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस अशा ग्राहीचे अस्तित्व दाखवून दिले. १९९६ मध्ये दुसऱ्या ग्राहीचा शोध लागल्यानंतर पहिल्यास अल्फा व दुसऱ्यास बीटा असे संबोधले जाऊ लागले. मानवात अल्फा ग्राहीचे जनुक सहाव्या, तर बीटा ग्राहीचे चौदाव्या गुणसूत्रावर असते. एस्ट्रोजेन हे स्त्रियांचे संप्रेरक मानले जात असले, तरी ते व त्याचे ग्राही पुरुषांच्या शरीरातही असतात.

दंतवल्काची जडणघडण

दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच त्याचे दंतवल्क पूर्ण झालेले असते. ते घडविणाऱ्या दंतवल्कजनक पेशींना अमेलोब्लास्ट म्हणतात. त्यांच्या कार्याचे दोन प्रमुख टप्पे आहेत. स्रावी टप्प्यात या पेशी अमेलोजेनिन, एनॅमेलिन इत्यादी प्रथिने स्रवतात व त्यांच्या आधाराने खनिजाचे बारीक स्फटिक लांब वाढतात. परिपक्वतेच्या टप्प्यात कॅलिक्रीन-४ या विकराद्वारे प्रथिनांचे विघटन होते, ती काढून घेतली जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेत स्फटिक जाड होतात. पूर्ण झालेल्या दंतवल्कात वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. दात उगवताना या पेशी नष्ट होतात. म्हणून हाडाप्रमाणे दंतवल्क पुन्हा भरून येत नाही. घडताना राहिलेला दोष तसाच राहतो.

बिस्फेनॉल ए आणि उंदरांवरील प्रयोग

बिस्फेनॉल ए हे काही प्लॅस्टिके व इपॉक्सी राळा तयार करण्यासाठी वापरले जाणारे रसायन आहे. त्याचा एस्ट्रोजेनसदृश गुणधर्म १९३६ मध्येच नोंदला गेला होता. पॅरिस येथील संशोधकांनी रॅट जातीच्या उंदरांना गर्भावस्थेपासून या रसायनाची अल्प मात्रा दिली. या प्राण्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असल्याने दंतवल्कनिर्मितीचे सर्व टप्पे एकाच दातात पाहता येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३० दिवसांच्या अनेक उंदरांच्या दातांवर पांढरे, अपारदर्शक डाग दिसले; त्या दंतवल्कात एनॅमेलिन अधिक व कॅलिक्रीन-४ कमी होते. १०० दिवसांच्या उंदरांत मात्र हे दोष दिसले नाहीत. यावरून या पेशी जन्माच्या आगेमागे विशेष संवेदनशील असतात, असे अनुमान काढण्यात आले.

त्याच गटाच्या २०१४ मधील अभ्यासात उंदरांच्या दंतवल्कजनक पेशींमध्ये अल्फा ग्राही आढळला. एस्ट्रोजेन व बिस्फेनॉल ए या दोहोंमुळे या पेशींचे विभाजन वाढले. बिस्फेनॉल ए चा परिणाम काही अंशी अल्फा ग्राहीमार्फत, तर काही अंशी अन्य मार्गांनी होतो, असे दिसून आले. नर उंदरांमध्ये दोष अधिक तीव्र होते. पुढे २०१६ मध्ये याच पेशींतील पुरुष संप्रेरकांच्या, म्हणजे अँड्रोजेनच्या, ग्राहीचाही दंतवल्कनिर्मितीशी संबंध दाखविण्यात आला.

मानवी आरोग्याशी संबंध

लहान मुलांमध्ये पहिल्या कायमच्या दाढांचे व अनेकदा पटाशीच्या दातांचे दंतवल्क पुरेसे कठीण होत नाही. या विकारास २००१ मध्ये मोलर-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन हे नाव सुचविण्यात आले. दातांवर पांढरे, पिवळे वा तपकिरी डाग पडतात, थंड पदार्थांनी ठणक लागते आणि दाढ उगवल्यावर लवकरच तिचे कवच ढासळू लागते. पहिल्या कायमच्या दाढेचे खनिजीभवन जन्माच्या सुमारास सुरू होते व तिचा माथा साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतो. ती तोंडात मात्र सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. म्हणजेच दोष दिसतो तेव्हा त्याचे कारण घडून काही वर्षे लोटलेली असतात.

उंदरांतील डाग या विकाराशी मिळतेजुळते असले, तरी बिस्फेनॉल ए हे मानवातील विकाराचे कारण आहे असे सिद्ध झालेले नाही. बालपणीचे आजार, ताप, जन्मावेळच्या अडचणी व आनुवंशिकता यांचाही विचार केला जातो. त्यामुळे अशा दातांचा दोष मुलाच्या अस्वच्छतेला किंवा मातेच्या आहाराला देणे योग्य ठरत नाही. दाढ उगवताच दंतवैद्याकडून तपासणी झाल्यास फ्लोराइडचा लेप व दाढेवरील खाचा बुजविणे यांसारख्या उपायांनी ती वाचविता येऊ शकते. युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बिस्फेनॉल ए च्या वापरावर बंदी घातली.