आहार हेच पहिले औषध : चिनी परंपरा आणि भिक्षू इत्सिंग

प्राचीन चीनमधील चौ राजवंशाच्या कारभाराचे वर्णन करणारा ‘चौ-ली’ हा ग्रंथ पाहिला, तर राजवैद्यांचे चार वर्ग आढळतात. त्यांत पहिले स्थान आहारवैद्याचे आहे. त्यानंतर व्याधी व व्रण यांवर उपचार करणारे येतात आणि शेवटी पशुवैद्य. वसंतात आंबट, ग्रीष्मात कडू, शरदात तिखट व हिवाळ्यात खारट रस अधिक असावा, असा त्या आहारवैद्याचा दंडक होता.

पुढे अन्नपदार्थांचे शीत, किंचित शीत, किंचित उष्ण व उष्ण असे गुण मानले गेले. चिनी स्वयंपाकघरात आजही खेकडा शीत समजून त्यासोबत आले देतात. हे प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे. पिढ्यांच्या अनुभवावर रचलेले ते वर्गीकरण आहे, हे आम्ही आरंभीच स्पष्ट करतो.

सातव्या शतकातील वैद्य सुन सिमिआओ यांनी आपल्या ग्रंथात आहारोपचारासाठी स्वतंत्र खंड लिहिला. आधी आहाराने उपचार करावा, तो निष्फळ ठरल्यासच औषध द्यावे, असे त्यांचे मत होते. त्याच ग्रंथात चार महाभूतांच्या बिघाडातून प्रत्येकी १०१, म्हणजे एकूण ४०४ रोग उद्भवतात, हा बौद्ध विचारही येतो. चीनने तो भारताकडून घेतला होता.

याच काळात भिक्षू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये चीनहून निघाले. नालंदेत त्यांनी सुमारे दहा वर्षे अध्ययन केले आणि ६९५ मध्ये ते स्वदेशी परतले. आपल्या वृत्तान्तात ते सांगतात, की भोजनापूर्वी शरीरातील महाभूते सम आहेत की नाहीत ते पाहावे. नसल्यास उपवास करावा. आपल्या देशात मासे व भाज्या बहुधा कच्च्या खातात, याबद्दल ते नापसंती दर्शवितात. भारतात भाज्या नीट शिजवून त्यांत हिंग व तूप घालतात, हे त्यांना योग्य वाटते. मात्र चीनमधील चारशेहून अधिक औषधी द्रव्यांची थोरवीही ते मोकळेपणाने सांगतात.

पालि विनयातील भेसज्जक्खन्धकात तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच भैषज्ये रुग्ण भिक्खूंसाठी अनुज्ञात आहेत. तेथे आहार शरीरधारणेपुरता आणि मात्रा जाणून घ्यावयाचा आहे. चिनी वैद्यकात दीर्घायुष्याचे ध्येय ठळक आहे. उद्दिष्टे भिन्न असूनही अन्नातील समतोलाबाबत दोहोंचे एकमत दिसते. इत्सिंगांनी देश पाहून नव्हे, तर परिणाम पाहून निवड केली. त्यांच्या वृत्तान्ताचे खरे मोल आम्हांस येथेच जाणवते.