झाडीतली वाहतूक आणि ब्रेकपाइपाचा गंज

पिकअपच्या मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत ब्रेकचे तेल नेणारा पाइप शाळेतल्या पेन्सिलीपेक्षाही बारीक असतो. बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलिमीटर, आणि पोलादाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास. चालकाने पाय जोरात दाबला की या नळीत दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या घरात दाब चढतो. नळी धड असेल तोवर ती हा दाब वर्षानुवर्षे सोसते. गंजाने तिची भिंत कागदासारखी झाली की एखाद्या निकराच्या ब्रेकलाच ती फुटते, तेल रस्त्यावर सांडते आणि पॅडल तळाला टेकते. म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच वेळ नळी फुटण्याची असते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत समुद्राची खारी हवा नाही आणि रस्त्यावर मीठ टाकावे असा बर्फही नाही. तरीही इथल्या जुन्या पिकअपचे ब्रेकपाइप गंजतात. त्याची कारणे जंगलातल्या पाण्यात आहेत, तशीच या मुलखात माल ज्या रीतीने हलत आला त्या रीतीतही आहेत.

या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, बैलगाडीला बंडी म्हणतात. बंडीला ब्रेक नसतो. उतार लागला की जू शिंगांकडे सरकू लागते, बैल मान ताठ करून ते तोलतात आणि बंडीवाला खाली उतरून मागून गाडी ओढून धरतो. वेग बैलाचाच असल्याने एवढ्यावर भागत असे. अहेरी आणि आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके ओढायला वनखात्याचे हत्ती होते. गडचिरोलीतला कमलापूरचा हत्ती कॅम्प ही त्या काळाची आजवर टिकलेली खूण आहे. बैल असो वा हत्ती, ओढणारा थांबला की ओझेही थांबत असे. ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद वेगळी असते, हा प्रश्न या रानात मोटार येईपर्यंत कुणाला पडलाच नव्हता.

वरोऱ्याच्या कोळशासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर्ध्याकडून रेल्वे आली. १९२९मध्ये बल्लारशाह आणि काझीपेठ जोडले गेले, दिल्ली–मद्रास मार्ग सलग झाला आणि बल्लारशाह लाकडाच्या मोठ्या बाजारपेठेचे ठिकाण बनले. वैनगंगा आणि प्राणहितेच्या पूर्वेचा बहुतेक मुलूख मात्र रेल्वेपासून दूरच राहिला. १९८२मध्ये जुना चंद्रपूर जिल्हा विभागून गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हाही त्याच्या वाट्याला आलेले रेल्वेस्थानक म्हणजे उत्तर टोकाचे वडसा. साग, बांबू, तेंदूपत्ता, धान, मोहफूल असा जो माल पूर्वेकडून निघे, तो मातीच्या रस्त्यानेच निघे. पुढे बल्लारपूरची कागद गिरणी बांबू मागू लागली, तेव्हा तोही ट्रकवर लादूनच आणावा लागला.

मोटारवाहनांची पहिली मोठी लाट दुसऱ्या महायुद्धानंतर आली. लष्कराने मोडीत काढलेले ट्रक आणि जीप देशभर लिलावात विकल्या गेल्या. महिंद्रने १९४०च्या दशकाच्या अखेरीस जीपची जुळणी सुरू केली आणि १९५४मध्ये टाटा–मर्सिडीजचे ट्रक जमशेदपुरातून बाहेर पडले. वनखाते, ठेकेदार, बांधकाम खाते, साऱ्यांची भिस्त या दोन वाहनांवर होती.

त्यांच्यासोबतच हायड्रॉलिक ब्रेक या रानात आला. त्याआधीच्या मोटारींत पॅडलपासून चाकापर्यंत सळया आणि तारा असत. त्या कधीच सारख्या ओढल्या जात नसत, म्हणून ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला खेचली जाई. अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७मध्ये द्रवाने चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि १९२१मध्ये ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसले. द्रव चहूकडे सारखाच दाब देतो, त्यामुळे चारही चाके एकदम धरली जातात. या सोयीची किंमत एवढीच, की नळीला कुठेही भोक पडून चालत नाही. तारेचा एखादा पदर तुटला तरी बाकीचे पदर ओढ सांभाळतात. नळीला मात्र सुईच्या टोकाएवढे छिद्रही पुरते.

जुन्या जीपमध्ये हा धोका दुप्पट होता. तिचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चेसिसला बसवलेला असे. तेल भरायचे तर फळीवरचे झाकण उघडून खाली हात घालावा लागे. नाला ओलांडताना इंजिनच्याही आधी पाण्यात बुडणारा भाग तोच. झाकणाच्या श्वासछिद्रातून गाळ आणि पाणी आत जाई. शिवाय तेलाचा फेरा एकच होता: कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. पुढची आणि मागची चाके वेगळी करणारा दुहेरी मास्टर सिलिंडर अमेरिकेत १९६०च्या दशकाअखेर सक्तीचा झाला. भारतातल्या साध्या मालवाहनांत तो रुळायला आणखी बराच काळ गेला. मधल्या वर्षांत खरा आणीबाणीचा ब्रेक म्हणजे हँडब्रेक, खालचा गिअर आणि क्लीनरच्या हातातला लाकडी ठोकळा. चढावर गाडी थांबताच मागच्या चाकाला ठोकळा लावायला क्लीनर उडी मारून उतरत असे.

१९८६मध्ये टाटा ४०७ आली आणि लहान मालगाडीचे युग सुरू झाले. २००५मध्ये टाटा एस आली, तिला लोकांनी लगेच ‘छोटा हत्ती’ म्हटले. त्याच सुमारास महिंद्रची पिकअप गावोगाव पोहोचली. ट्रक ठेकेदाराचा असतो, पिकअप घरची असते, आणि हा फरक ब्रेकच्या दृष्टीने फार मोठा आहे. तीच गाडी उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती नेते, दिवाळीनंतर धान नेते, लग्नसराईत वऱ्हाड नेते. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू झाला की नाटकाचे सामान आणि मिरची तोडणीच्या दिवसांत तेलंगणाकडे निघालेले मजूरही तिच्याच हौद्यात बसतात. २०११मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा हक्क मिळाला. त्यानंतर गावांनी आपले वनोपज आपणच विकण्याची वाट मोकळी झाली आणि वाहतुकीची गरज गावाच्या वेशीपर्यंत आली. मात्र अनेक घरांना परवडते ती गाडी शहरात आठ-दहा वर्षे झिजून आलेली असते. मालक बदलताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात. गाडीखाली आडवे होऊन ब्रेकपाइप बघणारा विरळाच.

बघितला तर गंज कुठे धरतो हे लगेच कळते. पाइप चेसिसच्या कडेने मागे जातो, ठरावीक अंतरावर पत्र्याच्या क्लिपने धरलेला असतो आणि मागच्या ॲक्सलवर टी-जोडातून दोन चाकांकडे फुटतो. उघड्यावरचा पाइप पावसात भिजतो तसा वाळतोही. क्लिपच्या आत मात्र चिखलाचा गोळा बसतो आणि तो आठवडे ओला राहतो. गाडीच्या थरथरीने क्लिप पाइपावर घासते, वरचा जस्ताचा लेप आधी तिथेच उडतो, आणि उघड्या पडलेल्या पोलादावर ओल्या मातीत गंज चढतो. वरून तांबूस फुगवटा दिसतो; तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडला की खपली निघते आणि खाली खड्डा उरतो. भिंतीची जाडी संपते ती याच खड्ड्यापाशी. बाकीचा हातभर पाइप चकचकीत असला तरी त्याचा उपयोग नसतो.

पाण्याची इथे कमतरता नाही. गडचिरोलीत वर्षाला तेराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि रपट्यावरून वाहत्या पाण्यातून गाडी काढणे हा अनेक गावांचा पावसाळी नित्यक्रम आहे. त्यात भर पडते मालाची. खताच्या पोत्यांतला म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, अमेरिकेतल्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा सख्खा भाऊ. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत हौद्याच्या फटीतून थेट चेसिसवर उतरते. मालगुजारी तलावांतली मासळी बर्फात घालून नेताना पाणी रात्रभर गळत राहते. घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या कोळसापट्ट्यात ओल्या कोळशाच्या धुळीतले गंधक हवा-पाण्याशी मिळून आम्ल तयार करते. आणि पावसाळ्यात काम नसलेली पिकअप गोठ्याच्या आडोशाला उभी केली, तर शेण-मुताची ओल आणि अमोनिया तिला खालून लागतो. चालती गाडी वाऱ्याने वाळते. उभी गाडी वाळत नाही. म्हणून धानाच्या हंगामातली पहिली भरलेली फेरी सर्वांत जोखमीची ठरते. चार महिने गंजलेल्या नळीवर त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण दाब येतो.

गंजाची दुसरी वाट आतून आहे. ब्रेकचे तेल ग्लायकॉलजन्य असते आणि ते हवेतली ओल ओढून घेते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल २०५ अंश सेल्सिअसला उकळते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हाच आकडा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. पाण्याने तेलातली गंजरोधक द्रव्येही संपत जातात आणि व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडतात. पिस्टन अडकतो, रबरी वॉशर फाटतो, तेल ड्रममध्ये झिरपते. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांवर जातो. अशा दिवशी कुरखेडा–कोरची रस्त्यावरच्या बेडगाव घाटासारख्या उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेक दाबत उतरली तर ड्रम तापतात, तेलातले पाणी उकळते आणि नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रवासारखी दाब पुढे ढकलत नाही. नळी शाबूत असूनही पॅडल तळाला जाते. थोड्या वेळाने गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा लागतो आणि कारण कुणाला सापडत नाही. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करण्याची सवय तर आणखी घातक. पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनच तयार करते. ते बंद असेल तर दोन-तीन दाबांत साठा संपतो आणि पॅडल दगडासारखे होते.

दुरुस्तीच्या रीतीही याच परिस्थितीने घडवल्या. अहेरी किंवा एटापल्लीच्या पुढे गाडी अडली तर त्या मॉडेलचा तयार पाइप मिळायला दिवस जातो. मग मिस्त्री फुटलेला पाइप ठोकून चपटा करतो किंवा जोडात छर्रा घालून त्या चाकाकडे जाणारे तेल बंद करतो, आणि गाडी तीन चाकांच्या ब्रेकवर निघते. गावी पोहोचण्यापुरता हा उपाय अनेकदा महिनोन्‌महिने तसाच राहतो, हे फार वाईट आहे. ब्रेक लागताना गाडी एका अंगाला फिरते आणि ओल्या रस्त्यावर उलटते. तेल कमी पडले म्हणून इंजिन ऑइल ओतण्याची चूकही तशीच. खनिज तेलाने रबरी वॉशर फुगतात आणि सारी यंत्रणा एकदम निकामी होते. तांब्याचा पाइप वाकवायला सोपा असल्याने काही जण तो बसवतात. तो गंजत नाही, पण थरथरीने कडक होऊन जोडापाशी तडकतो. मऊपणा आणि टिकाऊपणा दोन्ही देणारा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप व्होल्वोने १९७०च्या दशकात वापरात आणला. जंगलभागातल्या गाड्यांना खरे तर तोच हवा.

कायद्याने मालवाहनाला ठरावीक मुदतीने फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते. चंद्रपूरची एमएच ३४ आणि गडचिरोलीची एमएच ३३ ही दोन्ही परिवहन कार्यालये १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ही तपासणी करतात. २०१८पासून आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी ती करावी लागते. रोलरवरच्या चाचणीत चाकाला लागणारा ब्रेकचा जोर मोजला जातो. क्लिपखालचा खड्डा त्यात येत नाही. नळी फुटेपर्यंत जोर पूर्णच असतो, त्यामुळे आज उत्तीर्ण झालेली गाडी उद्या घाटात ब्रेक गमावू शकते.

अमेरिकेतही हाच पेच पडला होता. तिथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९९९ ते २००३ या वर्षांतल्या पिकअप आणि तत्सम गाड्यांचे गंजलेले ब्रेकपाइप २०१०पासून तपासले. गाड्यांची संख्या पन्नास लाखांच्या आसपास होती. २०१५च्या एप्रिलमध्ये चौकशी बंद झाली; गाड्या परत मागवण्याचा आदेश निघाला नाही, कारण हा दोष विशिष्ट बनावटीचा नसून मीठ पडणाऱ्या राज्यांत वय झालेल्या गाड्यांची झीज आहे, असा निष्कर्ष निघाला. मालकांना सल्ला मिळाला तो गाडी खालून धुण्याचा, पाइप नियमित तपासण्याचा आणि गंज दिसताच संपूर्ण संच बदलण्याचा.

नव्या पिकअपच्या पाइपांवर जस्तावर प्लास्टिकचा जादा थर असतो आणि पुढचा-मागचा फेरा वेगळा असतो, त्यामुळे एक पाइप फुटला तरी निम्मा ब्रेक उरतो. जुन्या गाडीसाठी तपासणीची रीत मात्र साधीच आहे. पावसाळा संपताच गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर घ्यायची, खालचा चिखल पाण्याने काढायचा, प्रत्येक क्लिप सोडवून तिच्याखालचा पाइप चिंधीने पुसायचा आणि नखाने चाचपायचा. नख अडले तर पाइप बदलायचा, मग ब्लीड निप्पलमधून जुने काळपट तेल पूर्ण काढून नवे भरायचे. चौथ्या चाकाच्या ब्रेकनळीतली हवा निघाली आणि पॅडल अर्ध्यावरच टणक लागले, की गाडी धान भरायला तयार.