रीलमध्ये दिसणारं 'फील्ड वॉच' शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात टिकेल का? ऑर्डर करण्याआधी हे तपासा

रील बघता बघता एक घड्याळ समोर येतं. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, खाकी कापडी पट्टा, मागे धुक्यातला डोंगर. ब्रँडचं नाव याआधी कधी ऐकलेलं नसतं. किंमत सहा ते दहा हजारांच्या मधे कुठेतरी. आणि खाली एक ओळ, की हे घड्याळ डोंगरदऱ्यांसाठी बनवलंय.

आता शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या माणसाला डोंगरदऱ्या जाहिरातीत बघाव्या लागत नाहीत. एका बाजूला माहुली आणि आजोबा, दुसरीकडे सिद्धगड, गोरखगड, नाणेघाट. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, लावणीचा गुडघाभर चिखल, माळशेजचं धुकं आणि रोजची कसारा लोकल. त्यामुळे या जाहिरातीची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. प्रश्न एवढाच आहे, की परीक्षा आपल्या पैशांनी घ्यायची की आधी चार गोष्टी विचारून?

आधी फील्ड वॉच म्हणजे काय ते बघू.

पहिल्या महायुद्धात खंदकात उभ्या असलेल्या सैनिकाला खिशातलं घड्याळ काढून बघणं परवडत नव्हतं. त्यामुळे घड्याळ मनगटावर आलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने सैन्यासाठी घड्याळाचे नियमच ठरवले. काळी तबकडी, स्पष्ट आकडे, अंधारात दिसणारे काटे, पाणी आत न जाणारी केस, न फुटणारी काच. हे नियम पाळून १२ कंपन्यांनी घड्याळं बनवली. ओमेगा, लॉन्जिन्स, आयडब्ल्यूसी अशी नावं त्यात होती. संग्राहक आज त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. रीलमधल्या घड्याळाचा चेहरा तिथून आलेला आहे.

आपल्याकडचं याचं सगळ्यात ओळखीचं रूप म्हणजे एचएमटी जवान. हाताने चावी द्यायची, १७ ज्वेलचं मशीन, बघितल्याबरोबर वेळ कळणार. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळुरूत सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. पण गंमत बघा. कंपनी बंद पडली, तरी आजोबांचं एचएमटी आजही दुरुस्त होतं. कारण तेच मशीन लाखो घड्याळांत होतं, सुटे भाग बाजारात फिरत राहिले आणि बाजारपेठेतल्या घड्याळजीच्या हाताला ते मशीन पाठ होतं.

छोट्या ब्रँडचं घड्याळ तपासताना हीच गोष्ट धरून चालायचं. ब्रँड उद्या बंद पडला, तर माझ्या हातातलं घड्याळ चालू राहील का?

छोटा ब्रँड नेमकं बनवतो काय?

भारतात आता असे बरेच छोटे ब्रँड आहेत. जयपूर वॉच कंपनी, बंगलोर वॉच कंपनी, दिल्ली वॉच कंपनी ही त्यातली माहितीतली नावं. सगळेच स्वस्त नाहीत, काहींच्या किमती लाखाच्या घरात जातात. पण जगभरातल्या अशा बहुतेक ब्रँडची पद्धत सारखी असते. डिझाइन स्वतःचं, केस आणि तबकडी कारखान्यातून बनवून घेतलेली आणि मशीन मोठ्या कंपनीकडून विकत आणलेलं.

हे मशीन म्हणजे बहुतेक वेळा जपानी असतं. ऑटोमॅटिकमध्ये सायकोचं एनएच३५ किंवा त्याचा तारीख नसलेला भाऊ एनएच३८. नाहीतर सिटिझनच्याच गटातल्या मियोटाचं ८२१५. सेलवर चालणाऱ्यात मियोटाचं २०३५ किंवा सायकोचं व्हीएच३१. ही मशीन जगभर कोट्यवधी घड्याळांत आहेत. बिघडलं तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता अख्खं मशीन बदलता येतं. कल्याणच्या बाजारात हे काम करणारा सापडेल. २०३५ सारखं सेलचं मशीन तर काही शेकड्यांत मिळतं.

त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो मशीनच्या नंबरचा. 'जॅपनीज मूव्हमेंट' एवढंच लिहिलं असेल, तर ते पुरेसं नाही. ते सर्वात स्वस्त सेलच्या मशीनलाही लागू होतं आणि हजारो रुपयांच्या ऑटोमॅटिकलाही. नंबर सांगायला टाळाटाळ करणाऱ्या ब्रँडकडून मी तरी काही घेणार नाही.

आता खरी मेख. मशीन बाजारात मिळतं, पण बाकीचं काय? काच, चावीचं बटण, त्याच्या आतली नळी, काटे, तबकडी हे सगळं त्या ब्रँडचं असतं. चावीचं बटण तुटलं आणि ब्रँडने फोन उचलणं बंद केलं, तर उत्तम मशीन असलेलं घड्याळही खणात पडून राहतं. म्हणून साधेपणा कामाला येतो. काच सपाट आणि गोल असेल तर घड्याळजी मापाची काच शोधून बसवू शकतो. फुगीर किंवा विचित्र आकाराची असेल तर अवघड. पट्टा १८ किंवा २० मिलिमीटरचा, सरळ दांडीवर बसणारा असेल तर कुठलाही चालतो. केसला जोडूनच बनवलेला खास पट्टा असेल तर तुम्ही त्या ब्रँडला बांधले गेलात.

अजून एक तपासणी फुकटात होते. घड्याळाचा फोटो गूगल लेन्समध्ये टाका. हुबेहूब तेच घड्याळ लोगोशिवाय एखाद्या चिनी घाऊक साइटवर निम्म्याहून कमी किमतीत दिसलं, तर तुम्ही डिझाइनचे नाही, फक्त रीलचे पैसे देताय.

'वॉटरप्रूफ'चा गोंधळ

मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, चला, भातसा धरणात उडी मारायला हरकत नाही. तसं नसतं. हा आकडा नव्या घड्याळावर प्रयोगशाळेत दिलेल्या स्थिर दाबाचा असतो. व्यवहारात ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारं पाणी आणि पाऊस. ५० मीटरमध्ये पोहणं चालतं. ओढे, धबधबे, नदी असं सगळं असेल तर १०० मीटर बघा आणि चावीचं बटण फिरवून घट्ट बसणारं असेल तर उत्तम.

पाऊस हा खरंतर घड्याळाचा मोठा शत्रू नाही. पावसाचा दाब फार नसतो. पाणी आत जातं ते बटण अर्धवट बाहेर राहिलं म्हणून किंवा आतलं रबरी वायसर वाळलं म्हणून. हे वायसर काही वर्षांत कडक होतं. सेल बदलताना झाकण उघडलं आणि वायसर नीट बसवलं नाही, तर १०० मीटरचं घड्याळ त्या दिवसापासून शून्य मीटरचं. त्यामुळे मे महिन्यातच ते तपासून घ्या, भर जुलैत दमट हवेत झाकण उघडू नका.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी आहे. घड्याळ थोडा वेळ हातावर राहू द्या, म्हणजे ते कोमट होईल. मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभराने पुसा. काचेच्या आतल्या बाजूने धुकं धरलं, तर आत ओल आहे. नवं घड्याळ आल्या आल्या हे करून बघा आणि व्हिडिओ काढून ठेवा. फक्त तापवायला तव्यावर वगैरे ठेवू नका.

ब्रँडला विचारायचं ते असं: प्रत्येक नग दाबाखाली तपासता की फक्त आकडा छापता?

काचेचंही तसंच. साधी मिनरल काच वाळूपेक्षा मऊ असते, त्यामुळे मातीत काम करताना ओरखडे येणारच. सफायर काच वाळूपेक्षा कठीण, तिला ते येत नाहीत, पण दगडावर जोरात आपटली तर तडकू शकते. जुन्या एचएमटीसारखी ॲक्रिलिक काच लगेच चरते, पण पॉलिश करून परत चकचकीत होते. आठ हजारांच्या घड्याळात मी सफायर मागेन. तीन हजारांच्या घड्याळात मागणार नाही.

अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण अजूनही 'रेडियम' म्हणतो. त्यात आता रेडियम नसतं. एकेकाळी खरंच असायचं आणि ते घातक होतं. आताचा रंग उजेड शोषून घेतो आणि अंधारात हळूहळू सोडतो. म्हणून रीलमध्ये टॉर्च मारून लगेच काढलेला शॉट बघून भुलू नका. पहाटे चारला वेळ दिसते का, हा प्रश्न आहे. गोरखगडाच्या पायथ्याशी मुक्काम करणाऱ्याला आणि लाइट गेलेल्या घरात उठणाऱ्याला सारखाच.

लोकल पकडायची असेल तर?

इथे मात्र माझं मत अनेक घड्याळप्रेमींना आवडणार नाही.

एनएच३५ ला दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट कंपनीनेच घेतलेली आहे. प्रत्यक्षात ते बऱ्याचदा यापेक्षा चांगलं चालतं, पण हक्काने तक्रार करता येईल ती या मर्यादेबाहेर गेलं तरच. दिवसाला २० सेकंद मागे म्हणजे आठवड्याला दोन मिनिटं वीस सेकंद. दादर-ठाण्याच्या माणसाला दोन मिनिटांनी फरक पडत नाही, त्याची पुढची गाडी मागोमाग येते. आसनगाव, आटगाव, खर्डीच्या माणसाला विचारा. कल्याणच्या पुढे गाड्या मोजक्या. एक चुकली की पुढचं सगळं गणित बदलतं, कधी अर्ध्या दिवसाचा खाडाही पडतो.

दुसरं म्हणजे हे मशीन पूर्ण भरलेलं असेल तर साधारण ४१ तास चालतं. शुक्रवारी रात्री दहाला काढून ठेवलं तर रविवारी दुपारी तीनच्या सुमारास थांबतं. सोमवारी पहाटे अंधारात बघाल तर काटे रविवारवरच उभे.

सेलचं घड्याळ महिन्याला १५-२० सेकंदांच्या आत राहतं, दोनेक वर्षं सेल बघावा लागत नाही आणि मुरबाड रस्त्यावर बाइकवर बसणारे दणकेही जास्त सोसतं. रोज एकच घड्याळ वापरायचं असेल आणि गाडी गाठायची असेल, तर सेलचं घ्या. सरकत्या काट्याची हौस असेल तर व्हीएच३१ चा सेकंद काटा सेकंदाला चार पावलं टाकतो, लांबून ऑटोमॅटिकच वाटतो. ऑटोमॅटिक घ्यायचंच असेल तर ते आवडतं म्हणून घ्या, जास्त अचूक आहे म्हणून नाही.

आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी फील्ड वॉचच्या नादी लागू नये. १६०० आणि ८०० मीटरचा सराव स्टॉपवॉचशिवाय होत नाही आणि फील्ड वॉचमध्ये तो नसतो. हजार-दीड हजारांचं डिजिटल कॅसिओ तिथे दहा हजारांच्या घड्याळाला हरवतं.

पट्ट्याचं थोडक्यात: पावसाळ्यात चामडं कुजतं आणि वास मारतं, जाड सुती कॅनव्हास दिवसभर ओला राहतो. विणलेला नायलॉन धुता येतो आणि पटकन सुकतो. जाहिरातीत चामडं असलं तरी नायलॉनचा एक पट्टा जोडीला घेऊन ठेवा. मापाचं म्हणाल तर ३६ ते ४० मिलिमीटर बहुतेक मनगटांना पुरतं. केसची वरून खालपर्यंतची लांबी विचारा आणि तेवढा कागद कापून मनगटावर ठेवा. कडा मनगटाबाहेर जात असतील तर ते घड्याळ बांधावरच्या प्रत्येक काटकीला अडकणार.

स्वस्तातलं जुनं 'जवान' मिळतंय म्हणून...

ऑनलाइन बाजारात दीड-दोन हजारांत जुनी एचएमटी आणि सायको घड्याळं दिसतात, तबकडी अगदी कोरी करकरीत. जगभरच्या संग्राहकांनी या प्रकाराला नावच दिलंय, 'मुंबई स्पेशल'. म्हणजे पाच जुन्या घड्याळांचे भाग एकत्र करून, तबकडी नव्याने रंगवून विकलेलं घड्याळ. पन्नास वर्षांची तबकडी, पण रंग भडक नारिंगी किंवा निळा, अक्षरं थोडी वाकडी, जाड-बारीक, असं दिसलं की समजून जा. माहीत असूनही हौसेने घ्यायला हरकत नाही, पण त्याला पावसात नेऊ नका. त्यापेक्षा घरातल्या खणात आजोबांचं बंद एचएमटी पडलं असेल, तर आधी ते घड्याळजीकडे न्या.

फसवणूक झालीच तर

परदेशी ब्रँडकडून मागवत असाल तर साइटवरच्या किमतीवर कस्टम ड्युटी आणि कर लागतात आणि वॉरंटीत परत पाठवायचं झालं तर कुरिअर बहुधा तुमच्या खिशातून. हे आधी मोजा.

भारतीय विक्रेत्याच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीने पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यायला हवं. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिनाभरात ती निकाली काढायची असते. वस्तू कुठल्या देशात बनली हेही सांगावं लागतं. नुसतं इन्स्टा पेज आणि यूपीआय नंबर एवढंच असेल, तर हे सगळं कुणाकडे मागणार?

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यापुढे जायचं झालं, तर २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. ब्रँड दिल्लीचा असो की बंगळुरूचा, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि अर्ज ऑनलाइनही भरता येतो. बिल, चॅटचे स्क्रीनशॉट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा.