हॅलिफॅक्सची कापडपेठ

शनिवार उजाडण्यापूर्वींच इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या डोंगरवाटांवर माणसांची वर्दळ सुरू होई. कोणाच्या खांद्यावर, तर कोणाच्या तट्टाच्या पाठीवर लोकरी कापडाचा ताका असे. हा ताका सुमारें ३० यार्ड लांबीचा. त्यांतील लोकर मुलांनीं पिंजलेली, बायकांनीं कांतलेली आणि घरधन्यानें माडीवरील हातमागावर विणलेली असे. दहा वाजतां हॅलिफॅक्स शहरांतील एका विस्तीर्ण चौकांत घंटा होई, व्यापारी आंत शिरत, आणि साऱ्या कुटुंबाच्या कष्टांचें काय मोल व्हावयाचें तें दोन तासांत ठरून जाई.

या पेठेचें नांव ‘पीस हॉल’. मराठींत त्यास ताक्यांचा वाडा म्हणतां येईल. ती १ जानेवारी १७७९ रोजीं उघडली. जागा जॉन केगिल नांवाच्या व्यापाऱ्यानें दिली, आणि बांधकामासाठीं कापड करणाऱ्यांनीं वर्गणी भरून एकेक खोली आपल्या नांवें करून घेतली. मध्यें मोकळा चौक, चोहों अंगांस दगडी खांबांच्या ओसऱ्या आणि त्यांच्या आड ३१५ खोल्या; जमीन उतरती असल्यामुळें एका बाजूस दोन मजले तर दुसऱ्या बाजूस तीन. डोंगराळ खेड्यांतील मालासाठीं इतकी राजेशाही इमारत उभी राहावी, याचें आजही पाहणारास नवल वाटतें.

त्याचें कारण मात्र सोपें आहे. एकटा विणकर कापड उत्तम विणूं शकतो. परंतु तें दूरदेशच्या गिऱ्हाइकापर्यंत पोंचविणें त्याच्या आटोक्याबाहेरचें असतें. यॉर्कशायरचें कापड हॉलंड, जर्मनी, पोर्तुगाल आणि अमेरिका येथवर जाई. तें नेणाऱ्या व्यापाऱ्यांशीं विणकराची गांठ पडे ती बाजारांतच. जवळच्या लीड्स शहरांत हा बाजार पूर्वीं नदीच्या पुलावर व पुढें ब्रिगेट नांवाच्या रस्त्यावर भरत असे. ‘रॉबिन्सन क्रूसो’चा कर्ता डॅनियल डीफो यानें आपल्या प्रवासवर्णनांत त्याची हकीकत दिली आहे. घंटा होतांच फळ्या मांडल्या जात, त्यांवर ताके ठेवले जात, आणि परदेशांतून आलेल्या मागणीपत्रांस जे रंगांचे नमुने जोडलेले असत ते व्यापारी कापडाशीं ताडून पाहत. भाव शेजाऱ्याच्या कानीं पडूं नये म्हणून सौदा कुजबुजत्या स्वरांत होई. तासाभरांत हजारों पौंडांचा माल विकला जाई आणि गोंगाट म्हणून नसे! आपल्याकडील आठवड्याचा बाजार ज्यानें पाहिला आहे त्यास ही शांतता खरी वाटणें कठीण. पुढें १७११ सालीं लीड्समध्यें पांढऱ्या कापडासाठीं आणि १७५० नंतर रंगीत कापडासाठीं स्वतंत्र पेठा बांधण्यांत आल्या.

या व्यवस्थेचा मोठा गुण असा कीं, विणकर कोणा एकाचा बांधील नसे. एकानें भाव पाडला तर चार पावलांवर दुसरा गिऱ्हाईक उभा असे. हातीं आलेल्या पैशांतून तो पुढच्या ताक्याची लोकर विकत घेई आणि संध्याकाळीं घरचा रस्ता धरी. त्या घरांत सुबत्ता होती असें नाहीं. परंतु लोकर त्याची, माग त्याचा आणि कापडही त्याचेंच होतें.

ही स्थिति पालटण्यास आरंभ झाला तो पीस हॉल नवा कोरा असतांनाच. लीड्सचा एक मोठा व्यापारी बेंजामिन गॉट यानें १७९२ सालीं बीन इंग येथें प्रचंड कारखाना बांधावयास घेतला. काल जो बाजारांत माल घेणारा होता तोच आज माल करणारा झाला. कापड करणाऱ्यांनीं पार्लमेंटकडे दाद मागितली. १८०६ सालीं चौकशी-समितीचा अहवाल बाहेर पडला. घरगुती धंद्यास फारसा धोका नाहीं असा तिचा अभिप्राय होता. उमेदवारीविषयींचे जे जुने कायदे विणकरांस आधार वाटत होते ते १८०९ सालीं रद्दच करण्यांत आले.

हॅलिफॅक्स व ब्रॅडफर्ड यांच्या आसपास विशेषतः ‘वुर्स्टेड’ नांवाचें कापड होई. तें लांब केसांची लोकर विंचरून काढलेल्या सुताचें असतें. हें सूत प्रथम गिरणींत निघूं लागलें, आणि १८२० नंतर त्या भागांत यंत्रमागही आले. गिरणीवाल्याच्या वखारींत एकाच प्रतीचा हवा तितका माल मिळूं लागल्यावर व्यापाऱ्यानें शनिवारची वाट कां पाहावी? तो नमुना पाहून थेट गिरणींतच मागणी नोंदवूं लागला. पीस हॉल बंद करण्याचा हुकूम कोणी काढला नव्हता. येणारे एकेक करून येईनासे झाले, एवढेंच. ज्यांनीं खोलीसाठीं पैसे मोजले होते त्यांची मालकी कागदोपत्रीं अबाधित होती. तिच्यापासून मिळकत मात्र उरली नाहीं.

आजच्या हातकारागिरांस तर याहूनही थोडा अवधि मिळतो. अमेरिकेंतील ‘एट्सी’ या कंपनीनें इंटरनेटवर हातानें केलेल्या वस्तूंचा बाजार मांडला आहे. गांवोगांवच्या दुकानदारांनीं कारागिरांकडून घाऊक खरेदी करावी म्हणून त्यांत एक निराळें दालन होतें. तें ३१ जुलै २०१८ रोजीं बंद झालें. तेथें विकणाऱ्याच्या नांवावर दगडाची एक खोलीसुद्धां नव्हती. अशा वेळीं कारागिरानें करावें काय, हा प्रश्न यॉर्कशायरमध्यें पावणेदोनशें-दोनशें वर्षांपूर्वीं उभा राहिला होता, आणि तेथील सर्व विणकरांनीं त्याचें उत्तर एकसारखें दिलें नाहीं.

वुर्स्टेड विणणारांपाशीं उत्तर देण्यास फारसें कांहीं नव्हतेंच. त्यांच्यापैकीं बहुतेक जण धन्याकडून सूत आणून ठराविक मजुरीनें विणून देत. सूत धन्याचें, तेव्हां कापडही धन्याचें. यंत्रमाग येतांच मजुरी घसरूं लागली. १८२५ सालीं ब्रॅडफर्डच्या लोकर विंचरणारांनीं व विणकरांनीं २३ आठवडे संप केला; तो फसला. हातमागवाल्यांच्या हलाखीची चौकशी करण्यास सरकारनें पुढें आयोग नेमला आणि १८४१ सालीं त्याचें काम संपलें. पण तोंवर कित्येकांच्या घरांतील माग अडगळींत पडले होते.

लीड्सच्या पश्चिमेकडील पडसी, फार्सली, येडन इत्यादि गांवांतील गोष्ट निराळी. तेथें आंखूड केसांच्या लोकरीचें जाड कापड होई. त्यासाठीं लोकर पिंजावी लागते, सूत कांतून विणावें लागतें, आणि शेवटीं तें कापड ओलें करून कुटावें लागतें. त्यायोगें त्याची वीण दाट होते. यांपैकीं पिंजणें आणि कुटणें हीं कामें यंत्रानें फार स्वस्त होऊं लागलीं. तीं यंत्रें पाण्याच्या किंवा वाफेच्या बळावर चालत. एकट्यादुकट्यास त्यांचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हां १७८० नंतर एकेका गांवचे कापड करणारे एकत्र येऊं लागले. प्रत्येकानें भागाची रक्कम भरावी, कमी पडेल तें कर्ज काढावें आणि सर्वांच्या मालकीची एक गिरणी उभारावी, असा हा बेत होता. त्यांस तिकडे ‘कंपनी मिल’ म्हणत. भागीदार आपली लोकर गिरणींत नेई, इतरांप्रमाणेंच ठरलेला दर देऊन ती पिंजून घेई, घरीं नेऊन विणी आणि कापड कुटण्यास पुन्हां गिरणींत आणी. वर्षअखेर नफा उरल्यास तो भागांच्या प्रमाणांत वांटला जाई. अहमदनगर जिल्ह्यांत लोणी येथें शेतकऱ्यांनीं भाग घेऊन १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना काढला, त्याची येथें सहज आठवण होते. ऊस ज्याचा त्याचा, चरक मात्र सर्वांचा.

यांत धोका लहान नव्हता. मर्यादित जबाबदारीचा कायदा इंग्लंडांत १८५५ पर्यंत झालेला नव्हता. म्हणजे गिरणी बुडाली तर प्रत्येक भागीदाराचें घरदार कर्जापायीं जाण्याची भीति होती. तरीही या गिरण्या टिकल्या आणि वाढल्या. १८४४ सालीं पार्लमेंटच्या समितीनें भागीदारीच्या कंपन्यांची चौकशी केली तेव्हां त्यांच्या कारभारासंबंधीं साक्षी झाल्या. जें एकट्यास परवडत नव्हतें तेवढेंच त्यांनीं सामाइक केलें आणि माग घरींच ठेवला, यांत त्यांचें खरें शहाणपण दिसतें. लोकरीपासून ताक्यापर्यंत माल स्वतःचा राहिल्यामुळें तो पेठेंत विकावा कीं व्यापाऱ्याच्या वखारींत न्यावा, हें ठरविण्याची मोकळीक त्यांस राहिली. त्या गांवांतून हातमाग १८५० नंतरही वाजत होते. पुढें लोकरीचें कापडही यंत्रमागावर निघूं लागलें, तेव्हां कित्येक गिरण्यांनीं जागा आणि वाफेचें बळ भाड्यानें देण्यास सुरुवात केली. कापड करणारा आपला माग माडीवरून काढून तेथें नवा यंत्रमाग बसवूं लागला.

या चित्रास काळी बाजूही आहे आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. भाग घेण्याइतके पैसे ज्यापाशीं नव्हते, जो दुसऱ्याच्या मागावर रोजानें विणी, त्यास या गिरणीनें फारसें तारलें नाहीं. पिंजलेल्या लोकरीचे पेळू एकास एक जोडण्याचें काम तेथें लहान लेंकरें करीत, आणि गिरणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मालकीची आहे म्हणून त्यांचे तास कांहीं कमी होत नसत.

इकडे हॅलिफॅक्सचा वाडा ओस पडत चालला होता. १८३१ पासून तेथील चौकांत रविवारच्या धर्मशाळांचीं हजारों मुलें जमून प्रार्थनागीतें गाऊं लागलीं. हा सोहळा ठराविक वर्षांच्या अंतरानें १८९० पर्यंत चालला. १८६८ सालीं इमारत नगरपालिकेकडे गेली. १८७१ पासून तेथें भाजी, फळें आणि मासळी यांचा घाऊक बाजार भरूं लागला आणि तो शंभर वर्षें भरला. एवढी जुनी वास्तु पाडून टाकावी असाही विचार निघाला होता. तो सुदैवानें मागें पडला. पुष्कळ खर्चाची दुरुस्ती होऊन १ ऑगस्ट २०१७ रोजीं पीस हॉलचे दरवाजे पुन्हां उघडले. ओसऱ्यांतील जुन्या खोल्यांत आतां लहान लहान दुकानें थाटलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं कांहींमध्यें हातानें केलेल्या वस्तु विकावयास असतात.