कोलांटीखालची माती

झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू असताना व्याख्यान ठेवणं म्हणजे धाडसच. दिवाळीनंतर इथल्या गावागावांत मांडव उभे राहतात, रात्र रात्र माणसं जागतात. अशात ब्रह्मपुरीत संध्याकाळी सहा वाजता इतिहास ऐकायला तुम्ही आलात, आभार. आठच्या आत तुम्हाला मोकळं करतो.

विषय थोडा वेगळा आहे. मागच्या व्याख्यानानंतर एक मुलगी भेटली. शिक्षणासाठी ती मोठ्या शहरात जाणार आहे. तिथल्या कॉलेजात चिअरलीडिंगचा संघ आहे आणि त्याची निवड चाचणी आहे. चाचणीत कोलांट्या माराव्या लागतात. तिने विचारलं, "सर, मोबाइलवर बघून तीन आठवड्यांत मागची कोलांटी येईल का?" आम्ही पडलो इतिहासाचे लोक. तेव्हा आम्ही नुसतं हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न इतिहासाचाच आहे. कोलांटी शिकणाऱ्याच्या खाली काय होतं, त्याच्या पाठीशी कोणाचा हात होता आणि त्याला किती घाई केली गेली, या तीन गोष्टींवर कोण धड राहिलं आणि कोणाची मान मोडली हे ठरत आलं आहे.

आधी चिअरलीडिंगचं थोडक्यात उरकू. आपल्याकडे बहुतेकांनी ते २००८ साली आयपीएलमध्ये पाहिलं आणि नाच म्हणून पाहिलं. मूळ गोष्ट अमेरिकेतली. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानावर एका विद्यार्थ्याने पुढे होऊन प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, तिथपासून ती मोजतात. सुरुवातीला हे काम मुलांचं होतं. मुली नंतर आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे सैन्यात गेल्यावर त्याच बहुसंख्य झाल्या. हळूहळू घोषणा मागे पडल्या, कोलांट्या आणि मनोरे पुढे आले. २०२१ मध्ये ऑलिम्पिक समितीने या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. म्हणजे त्या मुलीला जे शिकायचं आहे ते आता जिम्नॅस्टिक्सच्या घरातलंच आहे.

आणि ते आपल्याला नवीन नाही. 'कोलांटी' हा शब्दच बघा. कोल्हाटी समाजाच्या नावाशी त्याचं नातं सांगितलं जातं. आपला हा मुलूख मध्य प्रांतात होता तेव्हा रसेल या अधिकाऱ्याने १९१६ साली इथल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात तो म्हणतो की कोल्हाटी हे नाव कसरतीच्या लांब बांबूवरून आलं. शब्दाचं मूळ काहीही असो, उडी त्यांची होती हे भाषेने मान्य केलं आहे. डोंबारी, कोल्हाटी गावात यायचे, ढोलकी वाजायची, चार-पाच वर्षांचं लेकरू कमान टाकायचं, दोरीवर चालायचं. आपण टाळ्या वाजवायचो, पायलीभर धान द्यायचो. त्या लेकराखाली काय असायचं? रस्ता. खडी असेल तर खडी. सोबतीला असायचा तो बापाचा हात आणि पिढ्यांची विद्या. तो हात कसबी होता, यात शंका नाही. पण चुकला तर उपाय नव्हता, आणि 'आज अंग दुखतंय, राहू दे' म्हणायची सोय त्या लेकराला नव्हती, कारण रात्रीची भाकर त्याच्या उडीवर होती. इंग्लंडमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांकडून धोक्याच्या कसरती करून घेण्याविरुद्ध १८७९ मध्येच कायदा झाला. विष्णुपंत छत्र्यांची ग्रेट इंडियन सर्कस सुरू झाली ती त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये. आपल्याकडे सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी घालण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०११ मध्ये. मधली वर्षं तुम्हीच मोजा.

आता दुसरी वाट, आखाड्याची. तिथे आधी माती येते. हौद्यातली लाल माती चाळून घ्यायची, त्यात ताक, तेल, हळद घालायची आणि रोज फावड्याने उकरायची. नवा पोरगा आला की पहिले काही दिवस त्याला कोणी डाव शिकवत नसे. माती उकर म्हणायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं, वस्ताद फुकटात काम करून घेतात. तो समज चुकीचा होता. उकरण्याने खांदे, कंबर, मनगटं तयार होत. शिवाय ज्या जमिनीवर पडायचं ती आपल्या हाताने भुसभुशीत केलेली असे. खडा कुठे आहे हे पोराला माहीत असे.

मल्लखांबाचीही गोष्ट अशीच आहे. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नव्याने उभी केली, असं परंपरा सांगते. माकडांना झाडावर खेळताना पाहून त्यांना ती सुचली, अशीही कथा आहे. कथा बाजूला ठेवली तरी कल्पना मोठी शहाणी आहे. माणसाऐवजी लाकडाचा मल्ल. लाकूड उलट पकडत नाही, चिडत नाही, दमत नाही. एकच पकड शंभर वेळा करता येते. सराव आणि सामना यांत अंतर ठेवायचं, ही सुरक्षेची पहिली पायरी, आणि ती आपल्या लोकांनी एका खांबात आणली.

युरोपातही हेच शहाणपण वेगळ्या रस्त्याने आलं. फ्रान्सच्या राजाच्या पदरी असलेल्या तुकारो नावाच्या इटालियन कसरतपटूने १५९९ मध्ये पॅरिसला कोलांट्यांवर पुस्तक छापलं, चित्रांसह. उडी तुकड्यातुकड्यांनी समजावून सांगता येते, हे त्यात दिसतं. १८११ मध्ये यान या शिक्षकाने बर्लिनजवळ उघडं व्यायाम-मैदान सुरू केलं. आपल्या विदर्भात १९१४ साली अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिकं केली. पण आमच्या मते त्याहून मोठं काम घरी झालं. वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या शिक्षकांच्या वर्गात आली, तिचा क्रम ठरला. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले तेही त्याच काळात. आधी काय, मग काय, हे कागदावर आलं.

हा क्रम म्हणजे काय ते सांगतो, कारण त्या मुलीला खरं ते हवं आहे. सगळ्यात आधी पुढची साधी लोळण. हनुवटी छातीला, हात टेकलेले, टाळू जमिनीला लागायची नाही, टेकायचा तो खांद्यांमागचा भाग. पाठ धनुष्यासारखी गोल. ही लोळण शंभरदा नीट आली की पडायचं कसं हे शरीराला कळलं. मग भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणं. मग कमान. मग गाडीच्या चाकासारखं आडवं फिरणं, ज्याला आता कार्टव्हील म्हणतात. मग राउंड-ऑफ, म्हणजे तेच, पण अर्धं वळून दोन्ही पाय एकदम खाली. मागे हातांवर उलटी उडी त्यानंतर, आणि हात न टेकता हवेतली मागची कोलांटी सगळ्यात शेवटी. प्रशिक्षकाचा एक हात कमरेखाली आणि दुसरा मांडीमागे, तो हात लागत नाही असं दोघांनाही वाटेपर्यंत.

गंमत अशी की चिअरलीडिंगच्या आजच्या नियमांतही हीच शिडी आहे. पहिल्या पातळीत लोळण, चाक, कमान. दुसरीत हातांवरची उलटी उडी. हात न टेकता मागची कोलांटी तिसरीत. हे नियम कोणाला सहज सुचलेले नाहीत. गंभीर अपघात झाल्यावर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या चिअर प्रशिक्षकांची संघटना उभी राहिली ती सुरक्षेसाठीच.

आणि घाई काय करते? येलेना मुखिना. सोव्हिएत रशियाची जिम्नॅस्ट, १९७८ ची जगज्जेती. १९७९ मध्ये तिचा पाय मोडला. तो पुरता बरा होण्याआधी तिला पुन्हा सरावाला उभं केलं गेलं, कारण मॉस्को ऑलिम्पिक जवळ आलं होतं. तिच्याकडून थॉमस साल्टो नावाची अवघड उडी करून घेत होते. ही धोक्याची आहे असं आपण प्रशिक्षकाला सांगितलं होतं, असं ती पुढे म्हणाली. जुलै १९८० मध्ये, ऑलिम्पिकला दोन आठवडे उरले असताना, मिन्स्कला सरावात ती हनुवटीवर आदळली. मान मोडली. वय वीस. पुढची सव्वीस वर्षं ती अंथरुणावर होती. त्या सभागृहात गाद्या होत्या, देशातले उत्तम प्रशिक्षक होते. नव्हता तो वेळ. आणि 'नाही' म्हणायची सोय, जी त्या डोंबाऱ्याच्या लेकरालाही नव्हती.

आमचंही एक सांगतो. आम्ही पोट्टे वैनगंगेच्या रेतीत कोलांट्या मारायचो. धानकटाईनंतर तणसाच्या ढिगावर उड्या मारायचो. मऊ आहे ना, मग काय होतं! एकाची टाच ढिगाखालच्या खुंटावर बसली आणि तो दोन महिने लंगडत होता. घरच्या गादीचंही तसंच. ती इतकी मऊ असते की पाय रुततो आणि घोटा मुरगळतो. ओली, बसलेली रेती वरून मऊ दिसते, हाताला दगड लागते. वस्ताद अनवाणी पायाने हौदा तपासून मगच पोराला आत घ्यायचे, ते उगीच नाही.

म्हणून त्या मुलीला आमचं उत्तर असं. तीन आठवड्यांत मागची कोलांटी नाही. तीन आठवड्यांत स्वच्छ लोळण, सरळ चाक, भिंतीशी हातांवर उभं राहणं आणि कदाचित कमान. मोबाइलचा उपयोग आहे, पण आपलंच चित्रण करून चूक बघायला. मोबाइलला हात नसतो. चाचणी घेणाऱ्यांना तिने स्पष्ट सांगावं की मला एवढं येतं. चांगला प्रशिक्षक नीट केलेलं चाक बघून माणूस घेतो. जो अर्धवट उडी मारायला लावतो त्याच्या संघात न गेलेलं बरं.

आणि आपल्या गावाला एक प्रश्न. पोरं रस्त्यावर धावून पोलीस भरतीची तयारी करतात, ते रोज पहाटे आपण बघतो. पण ज्यावर एखादी मुलगी निर्धास्त लोळण घेऊ शकेल अशी चार चांगली मॅट आणि पाठीला हात लावणारी एक शिकलेली बाई, हे आपल्या किती शाळांत आहे? पालक आणि शिक्षक दोघंही इथे बसले आहेत, म्हणून विचारतो. ती मुलगीही आली आहे, मागच्या रांगेत. माइक तिच्याकडे द्या, पहिलं तिला बोलू द्या.