शाळेसाठी हलका लॅपटॉप निवडताना



शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले की आय.टी. मध्ये काम करणाऱ्या आम्हा मंडळींना एक प्रश्न हमखास येतो: "मुलांसाठी कोणता लॅपटॉप घेऊ?" यावर एखाद्या मॉडेलचे नाव सांगून उपयोग नसतो, कारण सहा महिन्यांत दुकानातली मॉडेल्स बदलतात. म्हणून निवड कशी करावी याची माहिती इथे एकत्र दिली आहे. अमेरिकेतल्या पाचवी ते बारावीच्या मुलांचे पालक डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

१. आधी शाळेला विचारा

२०२० च्या महासाथीनंतर इथल्या अनेक शाळा प्रत्येक विद्यार्थ्याला क्रोमबुक देऊ लागल्या. तुमची शाळा देत असेल तर कदाचित दुसरा लॅपटॉप घ्यायची गरजच नाही. शाळेला तीन प्रश्न विचारा. शाळेचा लॅपटॉप घरी आणता येतो का? वर्गात स्वतःचा लॅपटॉप चालतो का? पुढच्या दोन-तीन वर्षांच्या विषयांना कोणते सॉफ्टवेअर लागते? ही उत्तरे हातात आल्याशिवाय खरेदीला निघू नका.

नववीच्या पुढच्या मुलांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एस.ए.टी. परीक्षा अमेरिकेत मार्च २०२४ पासून पूर्णपणे संगणकावर झाली आहे. तिचे ब्लूबुक नावाचे ॲप विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालते. क्रोमबुकवरही चालते, पण ते क्रोमबुक शाळेच्या व्यवस्थापनाखालचे असावे लागते. घरी विकत घेतलेल्या क्रोमबुकवर ही परीक्षा देता येत नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी हे कळले तर मुलाची महिनोन्‌महिन्यांची तयारी अडकून पडते. ज्यांच्याकडे योग्य संगणक नाही त्यांना कॉलेज बोर्ड तो उसना देते. मात्र त्यासाठी परीक्षेच्या किमान ३० दिवस आधी अर्ज करावा लागतो.

२. वजनाचा हिशेब

दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० ते २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. भारत सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणातही १० टक्क्यांचीच मर्यादा आहे. आपण १० टक्के धरू.

समजा, मुलाचे वजन ८० पौंड आहे. म्हणजे दप्तर ८ पौंडांपर्यंत असावे. रिकामे दप्तर साधारण दीड पौंड, पाण्याची भरलेली बाटली दोन पौंड, डबा एक पौंड. उरले साडेतीन पौंड, आणि त्यातच वह्या-पुस्तकेही आली! १५ इंची लॅपटॉप सहज चार पौंडांच्या आसपास जातो, म्हणजे एकही वही न घालता मर्यादा संपली. म्हणून तीन पौंड (सुमारे १.३५ किलो) ही आमच्या मते वरची रेघ समजावी. ११ इंची क्रोमबुक साधारण यात बसतात. १३ इंची मॅकबुक एअर २.७ पौंडांचा आहे.

जाहिरातीत चार्जरचे वजन धरलेले नसते. चार्जर अर्धा ते पाऊण पौंडाचा असतो. बॅटरी शाळेचा पूर्ण दिवस टिकली तर तो घरीच राहील, म्हणून बॅटरी चांगली असणे हाही वजन कमी करण्याचाच उपाय आहे. जाहिरातीतल्या तासांपैकी दोन तृतीयांशच खरे धरा.

हलका म्हणजे नाजूक मात्र नको. खास मुलांसाठी बनवलेला एक्सओ लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या एका वाडीवरच्या शाळेतही पोचला होता. जेमतेम दीड किलोचा, उचलायला मूठ, आणि पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून सलग रबराचा कळफलक. तो प्रकल्प पुढे मागे पडला, पण मुलांच्या लॅपटॉपमध्ये काय पाहावे हे त्यावरून आजही शिकता येते. रबरी कडा, पाणी सांडले तरी तग धरणारा कळफलक आणि घट्ट बिजागरी या तीन गोष्टी दुकानात हाताळून पाहा.

३. क्रोमबुक, विंडोज की मॅक?

क्रोमबुक: पाचवी ते आठवीसाठी बहुधा पुरेसे. निबंध, सादरीकरण, स्क्रॅच, सगळे ब्राउझरमध्ये होते. किंमत कमी, व्हायरसची कटकट कमी.

विंडोज: हायस्कूलमध्ये रोबोटिक्स किंवा अभियांत्रिकी विषय घेणार असतील तर हे सोयीचे. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर यांसारखी सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठीच येतात.

मॅकबुक एअर: हलका, टिकाऊ, बॅटरी उत्तम. किंमत जास्त, आणि मेमरी नंतर वाढवता येत नाही. विद्यार्थ्यांसाठीची सवलत जरूर विचारा.

४. आत काय असावे

- मेमरी: विंडोज किंवा मॅकसाठी ८ जी.बी. हे कमीत कमी, जमल्यास १६. ४ जी.बी. चा विंडोज लॅपटॉप कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.
- साठवण: २५६ जी.बी. एस.एस.डी. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ जी.बी. ची ई.एम.एम.सी. असते. विंडोजच्या अपडेट्सनीच ती भरून जाते.
- पडदा: सहावीच्या पुढे १३ किंवा १४ इंच, १९२० x १०८० किंवा जास्त.
- चार्जिंग: यू.एस.बी.-सी. चार्जर हरवला तरी दुसरा सहज मिळतो.

५. लॅपटॉपचे आयुष्य

छापील किंमत पाहू नका. किंमत भागिले वर्षे, असा हिशेब करा. २५० डॉलरचा लॅपटॉप दोन वर्षे चालला तर वर्षाला १२५ डॉलर पडले. ५०० डॉलरचा पाच वर्षे चालला तर वर्षाला १००. नव्यानेच आलेल्या, एका पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबाला हा फरक जाणवतो.

ही वर्षे मोजताना सुरक्षा अपडेट्स कधीपर्यंत मिळणार ते पाहा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोज ११ चालणाराच लॅपटॉप घ्या. क्रोमबुकला दहा वर्षे अपडेट्स मिळतात, असे गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. पण ही वर्षे तुम्ही खरेदी केल्यापासून नव्हे, तर त्या मॉडेलचा मूळ हार्डवेअर संच बाजारात आल्यापासून मोजतात. मॉडेलचे नाव घेऊन शेवटची तारीख आधी तपासा.

साध्या वॉरंटीत पडणे, फुटणे, पाणी सांडणे येत नाही. लहान मुलांसाठी अपघाती नुकसानाचे संरक्षण वेगळे घेणे बहुधा परवडते.

६. वापरलेला घ्यावा का?

जरूर घ्यावा. कार्यालयांतून निवृत्त झालेले, नीट दुरुस्त केलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड हे निम्म्या किमतीत मजबूत काम देतात. मात्र बॅटरीची स्थिती आणि विंडोज ११ ची पात्रता पाहून घ्या. जुने क्रोमबुक आधीच्या शाळेच्या किंवा कंपनीच्या नोंदणीतून मुक्त केले आहे का, तेही विचारा. नसेल तर पुसून नव्याने सुरू केले तरी ते पुन्हा त्यांच्याच खात्याचे लॉगिन मागते.

नव्याच्या खरेदीसाठी ऑगस्टवर लक्ष ठेवा. काही राज्यांत तेव्हा विक्रीकर माफ असतो. उदाहरणार्थ, मॅसॅच्युसेट्समध्ये एका शनिवार-रविवारी २५०० डॉलरपर्यंतच्या वस्तूवर हा कर लागत नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.

७. मराठी आणि भारतवारी

मराठी शाळेच्या गृहपाठासाठी वेगळा फाँट विकत घ्यावा लागत नाही. विंडोज ११ मध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की फोनेटिक कळफलक मिळतो. मुले रोमन अक्षरे टाइप करतात आणि पडद्यावर देवनागरी उमटते.

सुट्टीत लॅपटॉप भारतात न्यायचा असेल तर चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिले आहे ना, ते पाहा. तसे असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर पुरतो. भाचे-पुतण्यांसाठी नवा नेत असाल तर इथली वॉरंटी तिथे चालते का, ते आधी विचारा.

थोडक्यात: शाळेला विचारा, वजन करा, शेवटची तारीख तपासा आणि मगच किमतीकडे वळा. शक्य असेल तर मुलाला दुकानात घेऊन जा आणि लॅपटॉप त्याच्या हातात द्या. ओझे त्यालाच वाहायचे आहे!

नव्या शालेय वर्षासाठी सर्व बालमित्रांना शुभेच्छा.