चहाची छायेतील लागवड

खुडणीपूर्वी चहाच्या झुडपांवर आच्छादन घालून पानांतील तुरटपणा कमी करण्याची ही पद्धत मुख्यत्वे जपानमध्ये, विशेषतः क्योटोजवळील ऊजी परिसरात, विकसित झाली. १५७७ ते १६१० या काळात जपानमध्ये राहिलेले पोर्तुगीज जेझुइट धर्मोपदेशक झ्वांव रॉड्रिगीश यांनी ऊजीच्या मळ्यांचे वर्णन केले आहे. कोवळे कोंब हिमतुषाराने करपतात, म्हणून मळ्यावर मांडव उभारून तो बोरू व पेंढा यांनी झाकीत, असे ते सांगतात. मूळ हेतू थंडीपासून बचावाचा होता. चवीचा लाभ मागाहून ध्यानी आला असावा.

या चवीचा उलगडा होण्यास विसावे शतक उजाडले. मिचियो त्सुजिमुरा (१८८८–१९६९) यांनी १९२९ मध्ये हिरव्या चहातून कॅटेचीन वेगळे केले. कॅटेचिने ही फ्लॅव्होनॉइड वर्गातील संयुगे असून चहाचा तुरटपणा बव्हंशी त्यांचाच असतो. १९५० मध्ये याजिरो साकातो यांनी थिअनीन हे ॲमिनो अम्ल शोधले. छायेतील चहाची मधुरता मुख्यतः त्यामुळे येते. थिअनीन मुळांत तयार होऊन पानांत येते व प्रकाशात त्याचे विघटन होऊन त्याचा अंश कॅटेचिनांच्या घडणीत वापरला जातो, हे १९६८ मध्ये किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने दाखविण्यात आले.

परंतु एवढ्याने सर्व उलगडा होत नाही. छायेत फ्लॅव्होनॉइडे घडविणाऱ्या एंझाइमांच्या जीनांची अभिव्यक्तीच मंदावते. उन्हातील जंबुपार किरणांची जाणीव होताच पेशींतील नियामक प्रथिने हे जीन कार्यप्रवण करतात आणि तयार झालेली फ्लॅव्होनॉइडे पानाला त्याच किरणांपासून वाचवितात. २०१७ व २०१८ मध्ये चहाच्या अनुक्रमे आसामी व चिनी प्रकारांचे जीनोम प्रसिद्ध झाल्यावर हा अभ्यास सुकर झाला.

यात शर्करेचाही वाटा आहे. मोहरीच्या कुलातील अराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीला सुक्रोज दिल्यास अँथोसायनीन या फ्लॅव्होनॉइड रंगद्रव्यांचे जीन उद्दीपित होतात, असे २००५ च्या सुमारास आढळले. चहाचे झुडूप झाकले की प्रकाशसंश्लेषण मंदावून पानांतील शर्कराही घटते. तेव्हा जीन मंदावले ते प्रकाश नसल्याने की शर्करेच्या टंचाईने, हे मळ्यात ठरविणे अवघड असते. त्यासाठी काचपात्रात वाढविलेल्या रोपांवर वा ऊतकांवर दोहोंचे प्रमाण स्वतंत्रपणे बदलून प्रयोग करावे लागतात. शर्करेची ही टंचाई झुडपालाही जाचते. ग्योकुरो या उंची चहाची झुडपे सु. २० दिवस झाकतात आणि अशा मळ्यांत सामान्यतः वर्षातून एकच खुडणी करतात.